आधी तपासणी, मग खाणपट्टा

कोल्हापूर जिल्ह्याच्या पोटात कोळसा नाही. आपल्या पायाखाली दख्खनचा काळा पाषाण आहे आणि पश्चिमेच्या डोंगरमाथ्यांवर तोच पाषाण झिजून झालेला जांभा. कोळसा सापडतो तो तिकडे विदर्भात, चंद्रपूर, यवतमाळ, नागपूरच्या बाजूला. तरीही भूमिगत कोळसा खाणीसाठी सरकारी जमीन पट्ट्याने देताना पर्यावरणाची तपासणी कशी व्हावी, हा प्रश्न कोल्हापूरकरांनी आपला मानावा असं मला वाटतं. शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या फाउंड्र्यांतल्या भट्ट्या ज्या विजेवर तापतात तिच्यात कोळशाचा वाटा मोठा आहे, आणि कोक तर थेट कोळशापासूनच होतो. शिवाय केंद्राच्या २००६ च्या ज्या पर्यावरण अधिसूचनेखाली तिकडच्या कोळसा खाणीला पर्यावरण मंजुरी मिळते, त्याच अधिसूचनेखाली आपल्या शाहूवाडी, राधानगरी, चंदगडच्या सड्यांवरच्या, म्हणजे कातळी पठारांवरच्या, बॉक्साइटलाही (ॲल्युमिनियमच्या खनिजालाही) मिळते. जनसुनावणीची पद्धत तीच, अहवाल लिहिण्याची रीतही तीच.

माझं म्हणणं असं आहे. सार्वजनिक जमिनीखालचं खनिज कुणाला द्यायचं हे ठरवण्याआधी, तिथे खाण व्हावी की होऊ नये याची तपासणी झाली पाहिजे. आज आपल्याकडे क्रम उलटा आहे. आधी कोळशाचा ब्लॉक, म्हणजे खाणीसाठी आखलेलं क्षेत्र, लिलावात निघतो, बोली लागते, बोली जिंकणारा ठरतो. मग तो स्वतःच्या खर्चाने सल्लागार संस्था नेमतो, ती संस्था पर्यावरण आघात मूल्यांकनाचा अहवाल तयार करते, त्यावर जनसुनावणी होते आणि मग तज्ज्ञ समितीपुढे विषय जातो. तोवर सरकारने महसुलाचा हिशेब मांडलेला असतो, कंपनीने पैसा गुंतवलेला असतो, आणि ‘ही खाण नको’ असं म्हणण्याची ताकद कुठल्याच टेबलावर उरलेली नसते. उरतं ते अटी घालणं. धूळ बसवायला पाणी मारा, इतकी झाडं लावा, इतक्या महिन्यांनी अहवाल द्या. याला आपल्याकडे वरातीमागून घोडं म्हणतात.

क्रम उलटा असला की काय होतं हे २०२० मध्ये दिसलं. त्या वर्षी १८ जूनला केंद्राने व्यावसायिक कोळसा खाणींचा लिलाव सुरू केला. पहिल्या यादीत चंद्रपूर जिल्ह्यातला बांदर ब्लॉक होता, ताडोबाच्या वाघांच्या भ्रमणमार्गातला. राज्यातून आरडाओरड झाली, राज्य सरकारने हरकत घेतली आणि ब्लॉक यादीतून काढावा लागला. चांगलंच झालं. पण ताडोबाचं नाव मोठं आहे म्हणून ते झालं. ज्या जंगलाचं नाव वर्तमानपत्रात येत नाही, ज्या गायरानावर फक्त शेजारच्या दोन वाड्यांची जनावरं चरतात, त्यांच्यासाठी कोण ओरडणार? यादी करण्याआधी तपासणी झाली असती तर ओरडण्याची पाळीच आली नसती.

अमेरिकेत निदान कागदावर तरी हा क्रम सुलटा आहे. तिथे सरकारी मालकीच्या जमिनीखालचा कोळसा पट्ट्याने देणं ही सरकारची स्वतःची कृती मानली जाते आणि १ जानेवारी १९७० ला लागू झालेल्या राष्ट्रीय पर्यावरण धोरण कायद्यानुसार अशा मोठ्या कृतीआधी तिचे परिणाम मांडणं सरकारी खात्यावर बंधनकारक आहे. म्हणजे पट्टा देण्याआधी अहवाल, आणि त्याची जबाबदारी पट्टा देणाऱ्या खात्याची. त्या अहवालात एक पर्याय हमखास मांडावा लागतो: काहीच न करण्याचा. पट्टा दिलाच नाही तर काय होईल, कोणाचं काय वाचेल, कोणाचं काय बुडेल, हे बाकीच्या पर्यायांच्या शेजारी ठेवून दाखवायचं. आपल्या २००६ च्या अधिसूचनेत पर्यायांसाठी प्रकरण आहे, पण ते तंत्रज्ञानाच्या आणि जागेच्या पर्यायांपुरतं, आणि तेही सुरुवातीच्या छाननीत गरज दिसली तरच. खाणीच्या बाबतीत हे प्रकरण दोन ओळींत आटपता येतं. खनिज जिथे आहे तिथेच काढावं लागणार, तेव्हा जागेला पर्याय नाही. झालं प्रकरण.

आता भूमिगत खाणीबद्दल. जमिनीखालून कोळसा काढला तर वर काही बिघडत नाही, शेत शेताच्या जागी आणि जंगल जंगलाच्या जागी राहतं, असं नेहमी सांगितलं जातं. यात काही तथ्य आहे आणि ते मी मान्य करतो. चंद्रपूर-वणी भागातल्या उघड्या खाणी आणि त्यांच्या कडेचे मातीचे डोंगर ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना भूमिगत खाण नक्कीच बरी वाटेल. २०२३-२४ मध्ये देशात जवळपास १०० कोटी टन कोळसा निघाला आणि त्यात भूमिगत खाणींचा वाटा ५ टक्क्यांहूनही कमी होता. २०३० पर्यंत तो १० कोटी टनांवर नेण्याचं सरकारचं उद्दिष्ट आहे. त्यासाठी २०२५ मध्ये कोळसा मंत्रालयाने भूमिगत खाणींची आगाऊ रक्कम माफ केली आणि महसुलातला सरकारचा किमान हिस्सा ४ टक्क्यांवरून २ टक्क्यांवर आणला. म्हणजे येत्या काही वर्षांत अशा खाणी वाढणार. म्हणूनच ‘वर काही बिघडत नाही’ हे वाक्य नीट तपासून घ्यायला हवं.

भूमिगत खाणीत कोळशाच्या थरात बोगदे काढतात आणि छत पेलायला मधे कोळशाचेच चौकोनी खांब ठेवतात. थर पुढे संपला की कामगार मागे सरकत सरकत ते खांबही काढून घेतात. त्याला खाणीत डिपिलरिंग म्हणतात. खांब गेले की छत कोसळू दिलं जातं आणि ती पोकळी वरवर सरकत जमिनीपर्यंत पोचते. पोकळीत वाळू भरली तर खचणं कमी होतं, पण वाळूही कुठल्यातरी नदीतूनच येते. जमीन खचते तेव्हा ती सगळीकडे सारखी खचत नाही. मधे बशीसारखा खोलगटपणा येतो आणि कडेला भेगा पडतात. त्या भेगांतून ओढ्याचं पाणी खाली जातं आणि विहिरीची पातळी उतरते. खाण कोरडी ठेवायला रात्रंदिवस पंप चालवावे लागतात, म्हणजे आजूबाजूच्या खडकातलं पाणी उपसलं जातं. झारखंडमधल्या झरियात जमिनीखाली लागलेल्या आगीची पहिली नोंद १९१६ ची आहे. ती आग शंभर वर्षांनंतरही विझलेली नाही आणि तिथे वस्त्याच्या वस्त्या हलवाव्या लागल्या. जुलै २०२३ मध्ये नागपूर जिल्ह्यात गोंडखैरीच्या भूमिगत कोळसा खाणीची जनसुनावणी झाली तेव्हा आसपासच्या गावांनी विरोध केला. त्यांना काळजी होती विहिरींची आणि बागांची. संत्र्याच्या पट्ट्यातला शेतकरी पाण्याची पातळी फूट-फूट मोजत जगतो. त्याला ‘वर काही बिघडत नाही’ हे पटवणं कठीणच आहे.

याचं ठळक उदाहरण अमेरिकेतल्या कोलोरॅडो राज्यात मिळतं. तिथली वेस्ट एल्क ही भूमिगत कोळसा खाण गनिसन राष्ट्रीय वनाखाली पसरत गेली. खाण जमिनीखाली, मग वरच्या जंगलाला कसला त्रास? पण कोळशाच्या थरात मिथेन असतो. तो आधी काढून टाकला नाही तर स्फोटाचा धोका, म्हणून वरून जंगलातच जागोजागी विहिरी खोदून तो बाहेर सोडावा लागतो. विहीर खोदायची तर यंत्र न्यायला रस्ता हवा. आणि ते जंगल तर रस्ते न काढण्यासाठी राखून ठेवलेलं. म्हणजे कोळसा खालचा, पण वन वरचं मोडलं. बाहेर सोडलेला मिथेनही साधा वायू नाही. २० वर्षांच्या काळात तो कार्बन डायऑक्साइडच्या ८० पटींहून जास्त उष्णता अडवतो.

त्या विस्ताराविरुद्ध पर्यावरणवाद्यांनी खटला भरला आणि २०१४ मध्ये तिथल्या जिल्हा न्यायालयाने निकाल दिला. तो निकाल मला आपल्यासाठी फार मोलाचा वाटतो. सरकारी खात्यांनी खाणीचे फायदे आकड्यांत मांडले होते: रोजगार, कर, स्वामित्वधन (रॉयल्टी). हवामानावरच्या परिणामाची किंमत मात्र काढता येत नाही असं म्हटलं होतं. ती काढण्याची सरकारमान्य रीत उपलब्ध होती आणि अहवालाच्या मसुद्यात ती वापरलीही होती, पण अंतिम अहवालातून ती गाळली. न्यायालय म्हणालं, फायदे मोजायचे आणि तोटे मोजता येत नाहीत म्हणून सोडून द्यायचे, हे मनमानी आहे. पुढे तपासणी पुन्हा झाली, ते क्षेत्र पुन्हा खाणीला मिळालं आणि २०२० मध्ये तिथे रस्ताही निघाला. तेव्हा तपासणी केली की जंगल वाचतंच असं मी म्हणणार नाही. पण जमेच्या रकान्याशेजारी खर्चाचा रकाना भरावा लागला आणि तो सगळ्यांना वाचायला मिळाला. आपल्याकडच्या अहवालांत तो रकाना बहुतेक कोराच असतो. कामगार किती लागतील याचा आकडा असतो, झऱ्याच्या पाण्याचा नसतो.

आता तिथेही उलटी हवा वाहते आहे. एप्रिल २०२५ मध्ये अमेरिकेच्या गृहखात्याने, म्हणजे सरकारी जमिनी सांभाळणाऱ्या खात्याने, ऊर्जा आणि खाण प्रकल्पांचे मोठे पर्यावरण अहवाल २८ दिवसांत उरकण्याची सोय केली. २८ दिवसांत विहिरीची पातळी वर्षभर कशी हलते हे कोणी कसं पाहणार?

आपल्याकडे दिवस जास्त मिळतात, पण ऋतू चुकतो. खाणीच्या अहवालासाठी प्राथमिक माहिती एका हंगामाची गोळा करायची असते आणि तो हंगाम पावसाळा सोडून असावा असं ठरलेलं आहे. उन्हाळा, पावसाळ्यानंतरचे महिने किंवा हिवाळा, यातला कुठलाही एक चालतो. विदर्भातल्या कोळशालाही हेच आणि आपल्या बॉक्साइटलाही हेच. आता राधानगरी किंवा शाहूवाडीच्या एखाद्या सड्यावर एप्रिलमध्ये जाऊन बघा. काळा-तांबूस जांभा तापलेला असतो, गवत जळून गेलेलं असतं, पायाखाली खडे वाजतात. कुणीही लिहील, ‘पडीक, खडकाळ, वनस्पती विरळ’. तोच सडा श्रावणात पाहा. जांभ्याच्या खळग्यांत बोटभर पाणी साठलेलं असतं. त्यात गेंदाचे पांढरे गोळे डोलतात. सीतेच्या आसवांची जांभळी-निळी फुलं कातळभर पसरतात. त्यांच्या मुळांसारख्या दिसणाऱ्या धाग्यांवरच्या बारीक पिशव्या पाण्यातले किडे धरून खातात, कारण त्या कातळात खायला दुसरं काही नसतं. कडेला दवबिंदूच्या चिकट पानांवर मुंग्या अडकलेल्या असतात, सोनकीने उतार पिवळा केलेला असतो. खाली दरीत जांभा आणि चिकणमातीच्या थरांच्या सांध्यातून झरा सुरू झालेला असतो. तो काही ठिकाणी मे महिन्यापर्यंत टिकतो आणि त्यावर एखादा धनगरवाडा आणि खालची वाडी पाणी भरते. पावसाचं पाणी धरून ठेवणारी ही जांभ्याची टोपीच बॉक्साइटसाठी खरवडली जाते. पावसाळा वगळून केलेल्या अहवालात झरा येत नाही आणि फूलही येत नाही. जे नोंदलंच गेलं नाही त्याचं नुकसान कुणी मोजायचं?

अहवाल लिहिणाऱ्याला काम देतो कोण, यावर बरंच अवलंबून असतं. काही वर्षांपूर्वी शेजारच्या रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका बॉक्साइट खाणीच्या अहवालात स्प्रूस आणि बर्च या थंड प्रदेशातल्या झाडांच्या जंगलांचं वर्णन सापडलं होतं. कोकणात स्प्रूस! रशियातल्या बॉक्साइट खाणीच्या अहवालातला मजकूर जसाच्या तसा उतरवलेला होता. प्रकरण उघडकीला आलं म्हणून गवगवा झाला. पण अहवाल खाणवाल्याच्या पैशातून होणार आणि मंजुरी मिळाली तरच सल्लागाराला पुढचं काम मिळणार, ही व्यवस्था आजही तशीच आहे. अशा वेळी प्रामाणिक सल्लागारावरही दडपण येणारच. खाणवाल्याचा पैसा सरकारी निधीत जमा व्हावा आणि संस्थेची निवड सरकारने, शक्यतो चिठ्ठीने करावी, हा साधा बदल आहे. एवढ्यासाठी अमेरिकेकडे बघायचीही गरज नाही.

आता जनसुनावणी. २००६ च्या अधिसूचनेत ती बऱ्यापैकी नीट मांडलेली आहे. किमान ३० दिवसांची नोटीस, ती एका राष्ट्रीय आणि एका स्थानिक भाषेतल्या वर्तमानपत्रात, सुनावणी प्रकल्पाच्या जागी किंवा जवळ, अध्यक्षस्थानी जिल्हाधिकारी किंवा अपर जिल्हाधिकाऱ्यापेक्षा खालचा नसलेला अधिकारी, सगळ्याचं चित्रीकरण. पण दोन मेखा आहेत. एक म्हणजे गणसंख्येची अट नाही. चार माणसं आली तरी सुनावणी झाली. दुसरी मेख भाषेची. मराठीत मिळतो तो फक्त सारांश, अहवाल इंग्रजीत. शेकडो पानांच्या अहवालातली विहिरींचे तक्ते, भूजलाचे नकाशे, जमीन खचण्याचा अंदाज हे सगळं इंग्रजीत, आणि ज्यांची विहीर आटणार त्यांच्या हातात पंधरा-वीस पानं मराठी. २०२० मध्ये केंद्राने अधिसूचनेचा नवा मसुदा काढला होता. त्यात नोटिशीची मुदत २० दिवसांवर आणण्याचा प्रस्ताव होता. दिल्ली उच्च न्यायालयाने तो मसुदा राज्यघटनेतल्या सगळ्या २२ भाषांत आणायला सांगितलं, तर केंद्राने त्यालाच आव्हान दिलं. लोकांना विचारायचं आहे पण त्यांच्या भाषेत नाही, हे मला संतापजनक वाटतं.

आणि लोकांना विचारायचं कशासाठी, तर ही जमीन सरकारच्या खाजगी मालकीची नाही. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम ४८ प्रमाणे खनिजांवरचा हक्क शासनाचा आहे हे खरं. पण शासनाकडे तो विश्वस्त म्हणून आहे. हिमाचलमधल्या बियास नदीकाठच्या जमिनीच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्येच हे तत्त्व आपल्या कायद्यात आणलं. विश्वस्ताने ठेव मोडायच्या आधी ठेवीदाराला विचारायचं असतं. ओडिशातल्या नियमगिरीत ते विचारलं गेलं. एप्रिल २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बॉक्साइट खाणीचा विषय ग्रामसभांपुढे न्यायला सांगितला. १२ ग्रामसभा झाल्या आणि बाराही ग्रामसभांनी नकार दिला. खाण झाली नाही. तिथे वनहक्क कायद्याचा आधार होता. आपल्याकडच्या सड्यांवर पिढ्यान्‌पिढ्या म्हशी चारणाऱ्या धनगरवाड्यांची नावं सातबाऱ्यावर सापडत नाहीत, त्यांचे चराईचे हक्क कुठल्या रकान्यात शोधायचे हा प्रश्नच आहे. म्हणून पट्टा देण्याआधी हे हक्क नोंदवणं हाही तपासणीचाच भाग धरला पाहिजे.

यावर नेहमीचं उत्तर येतं, की असं करत बसलो तर काहीच उभं राहणार नाही. वीज हवी, कारखाने हवेत, पोरांना नोकऱ्या हव्यात. फाउंड्रीत काम करणाऱ्या माणसाला वीज किती रुपयांनी पडते हे मला माहीत आहे आणि हा आक्षेप मी हलका मानत नाही. पण उशीर कशामुळे होतो ते पाहायला हवं. आधी ब्लॉक वाटायचा, मग विरोध, मग कोर्ट, मग स्थगिती, यातच वर्षं जातात. २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दोनशेहून अधिक कोळसा ब्लॉकांचं वाटप रद्द केलं, त्याचं कारण वाटपाची पद्धत होती. तपासणी कडक होती म्हणून काही ते रद्द झाले नाहीत. आपल्या जिल्ह्यातही शक्तिपीठ महामार्गाची आखणी आधी जाहीर झाली आणि हरकती नंतर. मग मोर्चे निघणारच. ज्या ठिकाणी खाण चालणार नाही ते लिलावाआधीच वगळलं, तर उरलेल्या ठिकाणी काम लवकर होईल. उद्योजकालाही नेमकं हेच हवं असतं.

काम आधी, मंजुरी मागाहून, ही सवय तर आता न्यायालयापर्यंत पोचली आहे. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मागाहून पर्यावरण मंजुरी देणं बेकायदा ठरवलं. नोव्हेंबरमध्ये तो निकाल दोन विरुद्ध एक मतांनी मागे घेतला गेला. त्या एका मताच्या बाजूला मी आहे.

कोल्हापूरसाठी हे सगळं दूरचं नाही. आपल्या पश्चिमेला राधानगरी अभयारण्य आहे, उत्तरेला सह्याद्री व्याघ्र प्रकल्प, आणि दोघांना जोडणाऱ्या पट्ट्यात विशाळगड, पन्हाळा, गगनबावडा ही संवर्धन राखीव क्षेत्रं. त्याखाली आजरा-भुदरगड आणि चंदगड. पश्चिम घाटाच्या संवेदनशील क्षेत्राचा सहावा मसुदा जुलै २०२४ मध्ये निघाला. त्यात खाणींना बंदी आहे आणि चालू खाणी टप्प्याटप्प्याने बंद करण्याची तरतूद आहे. पण तो मसुदा आहे. तो अंतिम होईपर्यंत एकेक सडा वाचतो की जातो ते याच २००६ च्या अधिसूचनेवर आणि तिच्या जनसुनावणीवर ठरणार.

त्यामुळे जिल्ह्यात कुठेही खाणपट्ट्याची जनसुनावणीची नोटीस निघाली की ग्रामपंचायतीने पहिल्याच आठवड्यात प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे संपूर्ण अहवालाची मराठी प्रत मागावी. पावसाळ्यातल्या झऱ्यांची आणि वनस्पतींची नोंद का नाही हे लेखी विचारावं. गावातल्या प्रत्येक झऱ्याचं, विहिरीचं, चराईच्या वाटेचं नाव आणि ठिकाण लिहून ग्रामसभेचा ठराव करावा आणि तो सुनावणीत वाचून दाखवावा, म्हणजे तो चित्रीकरणात आणि इतिवृत्तात येतो. सुनावणीला हजर राहता येणार नसेल तर हरकत लेखी देता येते. ती देताना पोच जरूर घ्यावी, कारण पुढे हरित न्यायाधिकरणात जायची वेळ आली तर पहिल्यांदा तोच कागद लागतो. आणि न्यायाधिकरणाची मुदत मंजुरी कळल्यापासून ३० दिवसांची असते, फार तर आणखी ६० दिवस वाढवून मिळतात.